वाचकांचे प्रश्न : डेटाबेसवर चालणारे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत लिहावे?

कार्यालयातील किंवा दुकानातील संगणकावर चालणारे, नोंदींचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत लिहून घ्यावे, असे विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत सातत्याने येत आहेत. त्यांपैकी पाच पत्रे निवडून येथे उत्तरे दिली आहेत. मूळ पत्रे लांब असल्यामुळे त्यांचा केवळ सारांश छापला आहे.

सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेचे सचिव लिहितात : आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेत आहे. मुख्य कार्यालयातील आठ संगणक एकाच सामायिक फोल्डरमधील डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या नोंदींच्या, फाइल्सवर काम करतात. कामकाज चालू असताना वीज गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधण्याची सूची, बिघडतो आणि संध्याकाळी तेरीज जुळत नाही. आता नवे सॉफ्टवेअर लिहून घ्यायचे आहे. एक जण सी शार्प सुचवतो, दुसरा जावा, तिसरा पायथन. कोणाचे ऐकावे?

आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सुटे करू. वीज गेल्यावर इंडेक्स बिघडतो, याचे कारण फॉक्सप्रोच्या भाषेत नसून नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे आठही संगणक नेटवर्कवरून त्याच फाइल्स स्वतः उघडतात आणि त्यांत स्वतःच लिहितात. ठेवीची नोंद डीबीएफ फाइलमध्ये पडते, तिचा इंडेक्स सीडीएक्स या वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि या दोन लेखनांच्या मधल्या क्षणी वीज गेली, तर नोंद फाइलमध्ये आहे पण इंडेक्सला तिचा पत्ता नाही, अशी अवस्था मागे राहते. इंडेक्सच्या आधाराने बेरीज करणारा अहवाल मग ती नोंद गाळूनच पुढे जातो. सामायिक फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसची फाइल ठेवून तिच्यावर सी शार्पमधला कोराकरकरीत प्रोग्राम बसवला, तरी हे दुखणे बरे होणार नाही.

त्यामुळे पहिला निर्णय डेटाबेस सर्व्हरचा घ्यावा. पोस्टग्रेसक्यूएलसारख्या सर्व्हरमध्ये फाइल्सना हात लावणारा प्रोग्राम एकच असतो आणि बाकीचे संगणक त्याच्याकडे फक्त मागणी नोंदवतात. प्रत्येक बदल तो आधी आपल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, डिस्कवर पक्का लिहितो. वीज परत आल्यावर हा लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा बसवले जातात आणि अर्धवट राहिलेले सोडून दिले जातात. एका खात्यातून रक्कम काढून दुसऱ्या खात्यात जमा करणे ही दोन कामे एकतर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्तीही आपल्या कामाला पुरेशी आहे. मात्र तिच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि पोस्टग्रेसक्यूएलला अशी परवान्याची मर्यादा नाही, म्हणून मी दुसऱ्याकडे झुकतो.

आता भाषेकडे वळू. पतसंस्थेसाठी भाषा पारखताना सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे ती पैसे कसे मोजते. संगणकातील सर्वसाधारण अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवला जातो आणि त्या पद्धतीत दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, तंतोतंत मांडताच येत नाही. ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली की बेरीज १ येण्याऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. एका पावतीवर हा फरक दिसत नाही. हजारो पिग्मी खात्यांचे व्याज काढून बेरीज मारली की तोच फरक पैशांत उतरतो आणि लेखापरीक्षकाच्या नजरेस पडतो. आपल्या जुन्या डीबीएफ फाइल्समध्ये न्यूमरिक प्रकारच्या रकान्यातील रक्कम दशमान अंकांच्या रूपातच लिहिलेली असते. ती पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आणताना न्यूमरिक याच प्रकारात आणावी, डबल प्रिसिजन या द्विमान प्रकारात कदापि नाही. सी शार्पमध्ये यासाठी डेसिमल हा भाषेतलाच प्रकार आहे, त्यावर बेरीज-वजाबाकीची नेहमीची चिन्हे चालतात आणि २८ अंकांपर्यंत अचूकता मिळते. जावात बिगडेसिमल आहे, तेही तितकेच विश्वसनीय आहे, मात्र प्रत्येक बेरीज-गुणाकार शब्दांत लिहावा लागत असल्याने व्याजाची सूत्रे वाचायला जड होतात. पायथनमध्ये डेसिमल नावाचे मॉड्यूल आहे, ते आठवणीने वापरावे लागते.

याच्याच जवळचा, पण अधिक फसवा मुद्दा रुपयात पूर्णांकन करण्याचा आहे, आणि नवे सॉफ्टवेअर करणारे बहुतेक जण तो शेवटी पाहतात. समजा एका खात्याचे व्याज १२.५० रुपये निघाले. फॉक्सप्रोचे राउंड हे फंक्शन त्याचे १३ करते. सी शार्पमधील मॅथ.राउंड मात्र काहीही न सांगता वापरले, तर १२ करते, कारण बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाण्याचा नियम तेथे गृहीत धरलेला आहे. १३.५० चे दोन्हीकडे १४ होतात, त्यामुळे दोन-चार खाती तपासून पाहणाऱ्याला हा फरक सापडतही नाही. पायथनचे राउंडही सम संख्येकडेच जाते. जावाचे बिगडेसिमल या बाबतीत सर्वांत शिस्तीचे आहे : भागाकार कधीच न संपणारा असेल आणि पूर्णांकनाचा नियम दिलेला नसेल, तर ते उत्तर न देता त्रुटी दाखवते. सी शार्पमध्ये हवा तो नियम एका शब्दाने सांगता येतो, पण तो सांगितला आहे की नाही हे तपासणारा माणूस हवा. ठेवीदाराच्या पासबुकावर आजवर ज्या नियमाने व्याज चढले, तोच नियम नव्या सॉफ्टवेअरमध्येही असला पाहिजे आणि तो करारात लिहून घेतला पाहिजे.

या सर्वांचा विचार करता, आपले सर्व संगणक विंडोजचे असल्यामुळे मी सी शार्प आणि पडदे तयार करण्यासाठी त्यातील विंडोज फॉर्म्स हे साधन सुचवेन. नोंदीचे पडदे, कळफलकावरून भराभर होणारे काम, पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, या गोष्टी तेथे सरळपणे बसतात. सध्या काम सुरू करायचे तर सी शार्पचे प्रोग्राम ज्या चौकटीवर चालतात तिच्या नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या डॉटनेट १० या आवृत्तीवर करावे. या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना तीन वर्षांचा आधार मिळतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी पुढील आवृत्तीवर जाण्याचे काम वार्षिक देखभालीच्या करारातच धरावे. मात्र आपल्या तालुक्यात उद्या धावून येणारा माणूस जावाचा जाणकार असेल आणि सी शार्पचा कोणीच नसेल, तर निःसंकोचपणे जावा घ्यावी. हे सॉफ्टवेअर पंधरा वर्षे चालणार आहे आणि लिहिणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याचा सहवास त्याला अधिक लाभणार आहे. पायथनला मी आठ संगणकांवरील रोजच्या काउंटरसाठी पसंती देत नाही. संख्येच्या जागी शब्द आला, एखाद्या फंक्शनचे नाव चुकले, अशा चुका सी शार्प आणि जावात प्रोग्राम बांधतानाच पकडल्या जातात. पायथनमध्ये वेगळी तपासणी केली नसेल, तर ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत त्या लपून राहतात, आणि वर्षाअखेरची ओळ ३१ मार्चलाच चालते.

जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये आणण्यासाठी मात्र पायथनसारखे हत्यार नाही. आपल्या खातेदारांची मराठी नावे बहुधा युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीचा एकच सामायिक संकेत, रूढ होण्यापूर्वीच्या एखाद्या फाँटच्या संकेतांत साठवलेली असतील. त्या फाँटमध्ये अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने लिहिलेली असतात. 'शिर्के' हे आडनाव तेथे पहिली वेलांटी, मग श, मग क, मात्रा आणि शेवटी रफार असे असते. युनिकोडमध्ये ते श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा अशा उच्चाराच्या क्रमाने हवे. केवळ एका चिन्हाऐवजी दुसरे चिन्ह ठेवणारा तक्ता वापरला तर वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते आणि रफार भलत्याच ठिकाणी जातो. म्हणून रूपांतर झाल्यावर प्रत्येक खातेदाराचे नाव माणसाने वाचून तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण खातेदाराचे नाव चुकीचे छापणाऱ्या संस्थेवर त्याने विश्वास तरी का ठेवावा?

सर्व काही एका रात्रीत बदलू नका. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १३ जानेवारी २०१५ रोजी संपला असला, तरी त्यातील प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालतात आणि फॉक्सप्रोतून ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीच्या दुव्यामार्फत पोस्टग्रेसक्यूएलशी बोलताही येते. त्यामुळे आधी नोंदी सर्व्हरवर नेऊन, जुने पडदे काही काळ तसेच ठेवून, एकेक विभाग नव्या भाषेत आणणे शक्य आहे. अडचण एवढीच की फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. म्हणून मधल्या काळात जुन्या फाँटमधील नाव एका रकान्यात आणि युनिकोडमधील नाव शेजारच्या रकान्यात, असे दोन्ही ठेवावे लागेल. नवे सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी किमान एक पूर्ण तिमाही दोन्हीकडे नोंदी करून रोजची किर्द, तेरीज आणि तिमाहीचे व्याज पैशापर्यंत ताडून पाहावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचे कार्यकर्ते लिहितात : वाचनालयात एकच संगणक आहे. सुमारे अठरा हजार पुस्तकांची नोंद आम्ही पायथन आणि एसक्यूलाइट वापरून करत आहोत. लेखकाचे आडनाव 'कऱ्हाडे' असे शोधले, तर काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत. पडद्यावर मात्र नाव सगळीकडे सारखेच दिसते. अकारविल्हे यादीत 'ळ' आणि 'क्ष' भलतीकडेच येतात. भाषा बदलावी काय?

भाषा मुळीच बदलू नये. एकच संगणक, एका वेळी नोंद करणारी एकच व्यक्ती आणि मोफत साधने, या परिस्थितीत आपण केलेली निवड योग्य आहे. एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर लागत नाही, संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो आणि पायथनमध्ये त्याचे मॉड्यूल २००६ च्या २.५ या आवृत्तीपासून आतच दिलेले आहे. आपल्याला आलेली अडचण जावातही आली असती आणि सी शार्पमध्येही.

'कऱ्हाडे' या नावातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. काही कळफलक त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वापरतात, ज्याचा युनिकोडमधील क्रमांक ०९३१ आहे, आणि त्यानंतर हलन्त देतात. काही कळफलक साधा र, म्हणजे ०९३०, नंतर हलन्त आणि नंतर झिरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्हींची आकृती एकच उमटते, पण डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत. वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या कळफलकांवरून नोंदी केल्या असतील, तर असे होणारच. युनिकोडचे प्रमाणीकरण करणारे एनएफसी हे फंक्शन येथे अर्धेच काम करते : सुटा र आणि सुटा नुक्ता यांचा ते एक ऱ करून देते, पण जोडचिन्हाच्या प्रकाराला ते हात लावत नाही. 'ॲ'चेही तसेच आहे. ०९७२ हा स्वतंत्र स्वर आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला स्वर, हे दोन्ही आपल्या यादीत नक्की सापडतील.

उपाय असा की मूळ नावाच्या रकान्याला न छेडता शेजारी 'शोधनाव' असा एक रकाना करावा. त्यात नाव भरताना आधी एनएफसी चालवावे. मग र, हलन्त आणि जोडचिन्ह हा त्रिकूट जेथे दिसेल तेथे ऱ आणि हलन्त घालावे. 'ॲ'ची सर्व रूपे एकाच रूपात आणावीत. आणि उरलेली अदृश्य चिन्हे सर्वांत शेवटी काढून टाकावीत. हा क्रम महत्त्वाचा आहे. अदृश्य चिन्हे आधीच काढली, तर 'ऱ्हा'चा 'र्हा' होतो, म्हणजे अर्ध्या र ऐवजी 'ह'वर रफार चढतो, आणि मग ऱ वापरून लिहिलेल्या शोधात ते नाव सापडत नाही. वाचकाने शोधासाठी लिहिलेला शब्दही याच फंक्शनमधून नेऊन मगच शोधनावाशी ताडून पाहावा.

अकारविल्हे यादीचे कारणही असेच सरळ आहे. एसक्यूलाइट काही न सांगता अक्षरांचा क्रम त्यांच्या युनिकोड क्रमांकांवरून लावते. 'ळ'चा क्रमांक ०९३३, म्हणजे 'ल'च्या लगेच पुढे आणि 'व'च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. म्हणून संगणक 'काळा' हा शब्द 'कावळा'च्या आधी ठेवतो आणि वर्णमालेप्रमाणे तो नंतर हवा. 'क्ष' हे संगणकाच्या दृष्टीने क, हलन्त आणि ष आहे, त्यामुळे 'क्षितिज' हा शब्द 'कौ'च्या पुढे आणि 'ख'च्या आधी जातो. काही मराठी कोशांत 'क्ष' हा 'क'मध्येच घेतलेला असतो, तेव्हा आधी आपल्या वाचनालयाची छापील यादी कोणता क्रम पाळते ते ग्रंथपालांना विचारावे. नंतर पायथनमधील क्रिएट कोलेशन या सोयीने, दोन नावांची तुलना करणारे आपले फंक्शन एसक्यूलाइटला शिकवता येते. डेटाबेसला आपल्या भाषेचा वर्णक्रम शिकवण्याचे हे काम वीस-पंचवीस ओळींचे आहे आणि ते केल्यावर यादी वाचकाला आपली वाटू लागते.

पडद्यांसाठी पायसाइड हे पायथनचे साधन घ्यावे, असे मी सुचवतो. त्यातील क्यूटी हे साधन जोडाक्षरे आणि वेलांट्या पडद्यावर आणि छपाईत योग्य जागी बसवते. पीडीएफ तयार करणाऱ्या सर्वच पायथन साधनांना हे जमत नाही, म्हणून सभासदाची पावती एकदा छापून पाहिल्याशिवाय कोणतेही साधन पक्के करू नये. पायसाइडचा परवाना एलजीपीएल हा तुलनेने सैल परवाना आहे आणि त्यासारख्याच पायक्यूटी या साधनाचा अधिक कडक जीपीएल किंवा विकतचा, हाही फरक ध्यानात ठेवावा. पुढे दुसरा संगणक आला, तर एसक्यूलाइटची फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल कुलूपबंद करण्याची यंत्रणा भरवशाची नसते आणि त्यात फाइल बिघडू शकते. त्या दिवशी पोस्टग्रेसक्यूएलकडे जावे. रोजची प्रत काढताना चालू फाइल तशीच कॉपी करू नये, पायथन ३.७ पासून जोडणीवरच बॅकअप ही सोय आहे, ती वापरावी.

नांदेड येथील एक विद्यार्थी विचारतो : डेल्फी ही प्रोग्रामिंगची भाषा संपली, असे मित्र म्हणतात. आमचे एक प्राध्यापक मात्र डेटाबेसच्या कामासाठी तिची अजूनही स्तुती करतात. मी ती शिकावी काय?

आपले प्राध्यापक उगीच स्तुती करत नाहीत. १९९५ मध्ये बोरलँडने आणलेल्या डेल्फीत टेबल, जोडणी आणि तक्ता असे घटक फॉर्मवर ठेवले की प्रोग्राम चालवण्याआधीच नोंदी दिसू लागत. शिवाय तयार होणारी प्रोग्रामची फाइल एकच आणि वेगवान असे, आणि पैशांसाठी चार दशांश स्थळे अचूक ठेवणारा करन्सी हा प्रकार भाषेतच होता. तिचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांनी सी शार्पची रचना केली, त्यामुळे डेल्फीतील पुष्कळ चांगल्या कल्पना आपल्याला सी शार्पमध्येही भेटतील. डेल्फी आजही विकली जाते आणि तिची मर्यादित उत्पन्नापर्यंत मोफत वापरता येणारी कम्युनिटी आवृत्तीही आहे. त्याच धर्तीचे लाझारस तर पूर्णपणे खुले आहे. चार संगणकांच्या कार्यालयासाठी छोटे, टिकाऊ सॉफ्टवेअर करायचे असेल, तर लाझारस हा आजही प्रामाणिक पर्याय आहे.

नोकरीच्या दृष्टीने मात्र पहिली भाषा म्हणून सी शार्प किंवा जावा शिकावी. आणि त्याही आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, पक्के करावे. जॉइन, ग्रुप बाय, फॉरिन की आणि ट्रान्झॅक्शन या चार गोष्टी हातात बसल्या, तर पुढे भाषा कितीही वेळा बदलली तरी केलेले श्रम वाया जात नाहीत.

बेळगाव येथील एक डॉक्टर लिहितात : माझ्या दवाखान्यात स्वागतकक्षात विंडोजचा संगणक आहे आणि मी स्वतः मॅक वापरतो. रुग्णांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर दोन्हींवर चालले पाहिजे. जावा घ्यावी की इलेक्ट्रॉन हे साधन वापरून जावास्क्रिप्टमध्ये करावे?

विंडोज फॉर्म्स हे केवळ विंडोजवर चालत असल्याने सी शार्पचा सोपा मार्ग येथे बंद होतो. जावा दोन्हीकडे चालते. तिच्या पडद्यांसाठी असलेले जावाएफएक्स २०१८ मध्ये आलेल्या जेडीके ११, म्हणजे जावाच्या अकराव्या आवृत्तीच्या संचापासून वेगळे झाले आहे, ते स्वतंत्रपणे जोडावे लागते. आणि जेपॅकेज या साधनाने विंडोजसाठी व मॅकसाठी इन्स्टॉलर तयार करता येतात, त्यामुळे दवाखान्यातील संगणकावर जावा वेगळी बसवावी लागत नाही.

इलेक्ट्रॉनमध्ये पडदे झटपट आणि देखणे होतात, पण प्रत्येक प्रोग्रामबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर येतो, म्हणून जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर ते जड पडते. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्या द्विमान अपूर्णांकच असल्याने तपासणी-शुल्क रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्ण संख्येच्या रूपात ठेवावे. आपला माणूस जावास्क्रिप्टमध्ये पारंगत असेल आणि दोन्ही संगणक नवे असतील, तर इलेक्ट्रॉनलाही माझी हरकत नाही. कोणतीही भाषा घेतली तरी रुग्णांच्या नोंदी एकाच सर्व्हरवर ठेवाव्यात, स्वागतकक्षासाठी आणि डॉक्टरांसाठी डेटाबेसमध्येच वेगळे वापरकर्ते करावेत आणि निदानाचे टेबल स्वागतकक्षाच्या वापरकर्त्याला वाचण्याची मुभाच देऊ नये. पडद्यावरचे बटण लपवणे म्हणजे रुग्णाची माहिती सुरक्षित ठेवणे नव्हे.

मडगाव येथील एक औषधविक्रेते लिहितात : आमचे बिलाचे सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ आणि ॲक्सेसमध्ये आहे. ग्राहकाचे नाव डि'सोझा किंवा डि'कोस्टा असे लिहिले की त्रुटी येऊन बिल अडते, म्हणून आम्ही वरची खूण गाळून नाव लिहितो. भाषा जुनी झाल्यामुळे असे होते काय?

नाही, हा प्रोग्राम लिहिण्यातील दोष आहे आणि तो आजच्या नव्या भाषांतही सर्रास केला जातो. आपल्या प्रोग्रामरने डेटाबेसला देण्याची आज्ञा शब्दांचे तुकडे जोडून तयार केली असावी. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत देतात. डि'सोझा हे नाव त्या आज्ञेत जसेच्या तसे चिकटवले की नावातील खुणेपाशीच मजकूर संपला, असे डेटाबेस समजतो आणि उरलेले 'सोझा' ही त्याला न कळणारी आज्ञा ठरते. याच फटीतून, पासवर्डच्या चौकटीत विशिष्ट मजकूर लिहून, कोणी परवानगीशिवाय आतही शिरू शकतो, तेव्हा हा दोष केवळ गैरसोयीचा नाही.

योग्य पद्धत अशी की आज्ञेत नावाच्या जागी केवळ एक जागादर्शक खूण ठेवावी आणि नाव वेगळे पाठवावे. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये एडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या घटकातील कमांड व पॅरामीटर यांनी हे आजही करता येते, त्यासाठी भाषा बदलण्याची गरज नाही. जावात प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणि प्रश्नचिन्ह, सी शार्पमध्ये @ लावलेले नाव, पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये प्रश्नचिन्ह, असे मार्ग सर्वत्र आहेत. आपल्या गावातील निम्म्या ग्राहकांची नावे जे सॉफ्टवेअर नीट लिहू शकत नाही, ते दुरुस्त करून घेणे हा आपला हक्कच आहे. ग्राहकाने आपल्या नावातली खूण का सोडावी?

भाषा बदलण्याची कारणे वेगळी आहेत. व्हिज्युअल बेसिक ६ च्या संपादन साधनाचा आधार ८ एप्रिल २००८ रोजी संपला. त्यातील प्रोग्राम आजही चालतात, पण त्याच्या मूळ चौकटींत देवनागरी लिहिली तर प्रश्नचिन्हे उमटतात आणि ते लिहिणारी नवी माणसे मिळत नाहीत. व्हिज्युअल बेसिक डॉटनेटकडे जाणे जवळचे वाटेल, मात्र जुना प्रोग्राम त्यात जसाच्या तसा चालत नाही आणि भाषा म्हणून तिचा पुढे विस्तार करण्याचा विचार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच सांगितले आहे. पुन्हा लिहायचेच असेल, तर सी शार्पमध्ये लिहून घ्यावे. आपला एकच काउंटर असेल तर एसक्यूलाइट, दोन किंवा अधिक असतील तर पोस्टग्रेसक्यूएल.

आपल्या व्यवसायासाठी आणखी एक गोष्ट लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांच्या प्रोग्राममध्ये कराचा दर थेट लिहिलेला होता त्यांना प्रोग्रामरची वाट पाहावी लागणे अटळ होते. दरासाठी वेगळे टेबल करून त्यात दर आणि तो केव्हापासून लागू झाला ती तारीख, असे दोन रकाने ठेवावेत आणि बिल करताना त्या दिवशीचा दर बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवावा. नवे सॉफ्टवेअर ताब्यात घेण्यापूर्वी ऑगस्ट २०२५ मधील एखादे बिल उघडून पुन्हा छापून पाहावे. त्यावर १२ टक्केच आले पाहिजेत, आणि त्याच बिलावरचे औषध ग्राहकाने परत आणले तर परताव्यातही कर त्याच दराने धरला गेला पाहिजे.